ठेवीदाराच्या रागाचे काय होते?



सहकारावर बोलायला उभे राहिले की वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुण्याईपासून सुरुवात करायची, प्रवरेला एक फेरी मारायची आणि शेवटी चळवळीला लागलेल्या किडीबद्दल हळहळायचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज तो मोडण्याची परवानगी मागतो. मला बोलायचे आहे ते एका रागाबद्दल. बँक बुडते तेव्हा ठेवीदार चिडतो, रस्त्यावर येतो, घोषणा देतो. पुढे त्या रागाचे काय होते? तो कुणापर्यंत पोहोचतो, आणि त्यातून काय निघते?

उदाहरण दूरचे नको. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे आपल्या तोंडातली पीएमसी. १९८४ मध्ये शीवच्या एका खोलीत सुरू झालेली, नंतर भांडुपला मुख्यालय असलेली, २०१९ पर्यंत १३७ शाखांची झालेली बँक. ३१ मार्च २०१९ रोजी तिच्याकडे ११,६१७ कोटी रुपयांच्या ठेवी होत्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली तिच्यावर निर्बंध घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी खातेदारांना कळले की पुढच्या सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. महिन्याला नव्हे, सहा महिन्यांत मिळून एक हजार. तीन दिवसांत ही मर्यादा दहा हजार झाली, ३ ऑक्टोबरला पंचवीस हजार, १४ ऑक्टोबरला चाळीस, ५ नोव्हेंबरला पन्नास हजार आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये एक लाख. लोक रस्त्यावर आले नसते तर आकडे इतक्या भराभर वाढले असते का, हे आपापसांत ठरवा.

आता या रागाचा माग काढू. पहिल्या दिवशी तो शाखेच्या काउंटरवर गेला. तिथे जे कारकून आणि रोखपाल बसले होते त्यांचेही पगार त्याच बँकेत जमा होत होते, अनेकांनी नातेवाइकांच्या ठेवी स्वतः आणलेल्या होत्या. त्यांच्याकडे उत्तर नव्हते. मग लोक फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या दारात गेले. तिथून सांगण्यात आले की ठेवीदारांच्या हितासाठीच निर्बंध आहेत, धीर धरा. मग किल्ला कोर्टाबाहेर गर्दी जमली आणि आरोपींना जामीन देऊ नका अशा घोषणा झाल्या. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. १० ऑक्टोबरला केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन प्रचारासाठी मुंबईत आल्या, तेव्हा भाजपच्या कार्यालयात ठेवीदारांनी त्यांना गाठले. अर्थ मंत्रालयाचा या प्रकरणाशी थेट संबंध नाही, नियामक रिझर्व्ह बँक आहे, असे त्यांनी सांगितले. काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले; न्यायालयाने १८ ऑक्टोबरला त्यांना उच्च न्यायालयाचा रस्ता दाखवला. दरम्यान, ठेवी अडकलेल्या काही जणांच्या मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या. त्यातला एक जण त्याच दिवशी मोर्चाला जाऊन आला होता.

या साखळीतला कुणीही खोटे बोलला नाही. हेच मला या प्रकरणातले सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य वाटते. काउंटरवरच्या बाईंना खरोखर काही ठाऊक नव्हते. अर्थ मंत्रालय खरोखर रोजचा नियामक नव्हते. प्रत्येकाचे उत्तर कायद्याला धरून होते, आणि सगळी उत्तरे एकत्र केली तर बेरीज शून्य येत होती.

यात महाराष्ट्राच्या सहकार खात्याचे नावही आले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. पीएमसी सात राज्यांत पसरलेली होती. त्यामुळे ती २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली येत होती, आणि तिचा निबंधक पुण्यात नव्हे तर दिल्लीत, तेव्हाच्या व्यवस्थेत कृषी मंत्रालयात बसत होता. भांडुपच्या ठेवीदाराने आपल्या बँकेचा निबंधक शोधायला कृषी मंत्रालयात जायचे! स्वतंत्र सहकार मंत्रालय निघाले ते जुलै २०२१ मध्ये. सहकारी बँकांवरचा हा दुहेरी अंमल जुना आहे. १ मार्च १९६६ पासून बँकिंग कायदा सहकारी बँकांना लागू झाला तो अर्धाच. पैशाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे. संस्था म्हणून नोंदणी, निवडणूक आणि संचालक मंडळावरची कारवाई निबंधकाकडे. २००१ मध्ये केतन पारेख प्रकरणात अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक कोसळली, तेव्हाही दुहेरी अंमलाला दोष देऊन झाला होता. बुडालेल्या प्रत्येक बँकेनंतर हा शब्द वर येतो आणि मग पुढच्या बँकेपर्यंत खाली बसतो. पीएमसीनंतर २०२० मध्ये कायदा बदलून रिझर्व्ह बँकेचे अधिकार खरोखर वाढवले गेले. पण पीएमसीच्या बाबतीत दुहेरी अंमल ही सबब मला पटत नाही. कर्जवह्या तपासण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेकडे १९६६ पासूनच होता, आणि पीएमसी बुडाली ती कर्जवहीत.

ती कशी, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण रागाचा पत्ता इथेच सापडतो.

एका कर्जदाराला बँकेच्या भांडवली निधीच्या १५ टक्क्यांपेक्षा आणि एका उद्योगसमूहाला ४० टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज देऊ नये, असा नागरी सहकारी बँकांसाठी तेव्हाचा नियम होता. पीएमसीच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे साडेसहा हजार कोटींहून जास्त रक्कम, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होती, असे बाहेर आले. बँकेचे व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी २१ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला लिहिलेले पत्र पुढे वृत्तपत्रांत आले. ऐंशीच्या दशकात बँक डगमगत असताना एचडीआयएलच्या वाधवान कुटुंबाने ठेवी देऊन तिला सावरले, तिथून संबंध जुळले, असे त्यात होते. एचडीआयएलची कर्जे थकीत दाखवली असती तर बँकेचे नाव गेले असते, म्हणून ती दडवली, असेही होते. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, ती दडवण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती तयार करून त्यांची यादी तपासनिसांपुढे ठेवली गेली. बँकेच्या संगणकप्रणालीत ही खाती नव्हतीच. शिवाय बँकेचे माजी अध्यक्ष पूर्वी एचडीआयएलच्या संचालक मंडळावर बसलेले. आणि एचडीआयएल काही अंधारात वाढलेली कंपनी नव्हती. मुंबई विमानतळाभोवतालच्या झोपडपट्टी पुनर्वसनातली तिची अडचण वर्षानुवर्षे छापून येत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे निर्बंधांच्या महिनाभर आधी, तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली होती. तोवर पीएमसीचा ताळेबंद मात्र चार टक्क्यांच्या आतली थकबाकी दाखवत होता.

(जाता जाता एक गोष्ट. गोरेगावच्या पत्रा चाळीतले ६७२ भाडेकरू ज्या पुनर्विकासात घराविना अडकले, तो प्रकल्पही याच समूहातल्या कंपनीकडे होता. पत्रा चाळीचा मोर्चा म्हाडाकडे जात होता आणि पीएमसीचा रिझर्व्ह बँकेकडे. एकाच शहरातले हे दोन संताप एकमेकांना फारसे भेटलेच नाहीत.)

आता तपासनिसाच्या जागी बसून पाहा. तुमच्यासमोर कर्जदारांची यादी ठेवली आहे. ती खरी की खोटी हे पाहायला संगणकातली एकूण बेरीज आणि यादीतली नावे जुळवायची. एकवीस हजार खाती प्रणालीत नाहीत हे कळायला त्यातली वीस उघडून पाहिली असती तरी पुरे होते. बँकेचे लेखापरीक्षक दर वर्षी सही करत होते. त्यांच्यापैकी काहींना पुढे अटकही झाली. रिझर्व्ह बँकेचे तपासणी पथक येऊन जात होते. थॉमस यांच्या पत्रात आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावे असे एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: बँक वाढत होती आणि वेळ कमी होता, म्हणून लेखापरीक्षकांनी वरवर पाहिले. आरोपीचे म्हणणे म्हणून ते बाजूला ठेवू. पण वरवर पाहिले नसेल, तर मग नीट पाहूनही दिसले नाही असे म्हणावे लागेल. दोन्हींपैकी काय खरे आहे, ते आजवर कुणी आपल्याला अधिकृतपणे सांगितलेले नाही.

गुन्ह्याची बाजू मात्र चपळ निघाली. निर्बंधांनंतर दहा दिवसांत, ३ ऑक्टोबरला, राकेश आणि सारंग वाधवान यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी थॉमस, तिसऱ्या दिवशी माजी अध्यक्ष. वाहिन्यांवर जप्त झालेल्या गाड्या आणि विमान दिसले. लोकांना थोडे बरे वाटले, तसे वाटणे स्वाभाविकच आहे. पण चोराला हातकड्या पडल्या की आपण पहारेकऱ्याला काही विचारायचे विसरतो. अटक रागाला चेहरा देते, आणि चेहरा मिळाला की राग तिथेच थांबतो. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवेल. फसवणूक कुणी केली हे त्याने ठरवावे. फसवणूक कुणी पाहायला हवी होती, हा प्रश्न फौजदारी न्यायालयात चालतच नाही. त्याला वेगळी जागा लागते, आणि ती जागा आपल्याकडे नाही.

काही मंडळी इथे ठेवीदाराकडेच बोट दाखवतात. अर्धा टक्का जास्त व्याजाच्या मोहाने सहकारी बँकेत गेलात, आता भोगा. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी एकदा पीएमसीच्या खातेदारांची यादी डोळ्यांसमोर आणावी. त्यात गुरुद्वारे होते. कितीतरी गृहनिर्माण संस्था होत्या. आपला सहकार कायदा आणि उपविधी त्यांचा निधी सहकारी बँकांकडेच वळवतात, त्यांच्या सचिवाने मोहाने ठेव ठेवली असे कसे म्हणणार? आणि त्यात रिझर्व्ह बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पतसंस्था होत्या, त्यांच्याही मोठ्या ठेवी पीएमसीत अडकल्या. ज्या इमारतीतून बँकांवर देखरेख होते त्या इमारतीतल्या माणसांना जे कळले नाही, ते मुलुंडच्या निवृत्त शिक्षिकेला कळायला हवे होते, असे म्हणायला फार धीट माणूस लागतो. परवान्याची पाटी दारावर लागलेली असते ती याच कारणासाठी, की ठेवीदाराला आत वाकून पाहावे लागू नये.

मग ठेवीदाराच्या रागातून काही निघालेच नाही का? निघाले. आणि इथे इतिहास मोठा बोलका आहे.

१९६० मध्ये केरळमधली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या विदर्भातली, अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. पलाईवरून संसदेत आणि केरळात रिझर्व्ह बँकेवर जोरदार टीका झाली. त्यातून ठेव विम्याचा कायदा आला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. सहकारी बँका त्यात पुढे, १९६८ च्या दुरुस्तीने आल्या. मर्यादा हळूहळू वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि तिथेच सत्तावीस वर्षे गोठली. पीएमसीच्या ठेवीदारांनी मुंबई दणाणून सोडली तेव्हा कुठे ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. विम्याचे पैसे पूर्वी बँकेचा परवाना रद्द होईपर्यंत मिळत नसत. निर्बंध लावून बँक वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवली की ठेवीदारही लोंबकळायचा. पुण्याची रुपी बँक आठवा. १९१२ साली स्थापन झालेली, २०१३ मध्ये निर्बंधांत सापडलेली, आणि परवाना रद्द झाला तो २०२२ मध्ये. ही खोट २०२१ च्या दुरुस्तीने काढली. आता निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते, आणि रुपीच्या ठेवीदारांनाही परवाना जाण्याआधी तिचा उपयोग झाला. हे सगळे रागाने मिळवले आहे. कुणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाही.

पण नीट पाहिले तर प्रत्येक वेळी रागाच्या पदरात विमा पडतो. जाब पडत नाही. १९६० ला पडला नाही, २००१ ला नाही, २०१९ ला नाही. बँका बुडणारच, तेव्हा बुडालेल्यांना थोडे अधिक द्या, असा हा न बोललेला करार आहे. या विम्याचा हप्ताही सगळ्या बँका सारख्याच दराने भरत आल्या. सावध बँक आणि बेफाम बँक यांत फरक नव्हता. म्हणजे दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत शेवटी तुमच्याआमच्या व्याजातून जाते, आणि निष्काळजी कोण होते हे गुलदस्त्यात राहते.

पीएमसीवाल्यांच्या जखमेवर मीठ पडले ते मार्च २०२० मध्ये. येस बँकेवर ५ मार्चला पन्नास हजारांची मर्यादा लागली आणि १८ मार्चला उठलीसुद्धा. स्टेट बँकेने ६,०५० कोटी घातले, इतर बँकाही आल्या. त्या बँकेच्या रोखेधारकांचे सुमारे ८,४०० कोटी बुडाले, हे खरे. पण साध्या ठेवीदाराचा एक रुपयाही गेला नाही. येस बँक फार मोठी होती आणि ती पडली असती तर इतरांना घेऊन पडली असती, हे कारण मला मान्य आहे. मात्र ज्याने पाच महिने मोर्चे काढले त्याने तेरा दिवसांत दुसऱ्याचे दार उघडताना पाहिले. पीएमसीचे विलीनीकरण युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत झाले ते २५ जानेवारी २०२२ रोजी. पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्यातून, वरचे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने. पाच वर्षे व्याज नाही, नंतर वर्षाला पावणेतीन टक्के. शेवटचा हप्ता २०३२ मध्ये. सत्तरीच्या ठेवीदाराला अशी योजना वाचून दाखवण्याचे काम कुणाच्या वाट्याला आले असेल, त्याच्याबद्दल मला सहानुभूती वाटते.

जाब मागता येतो याचा पुरावा हवा असेल तर आइसलँडकडे पाहा. २००८ मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास वस्ती असलेला देश, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढा. ऑक्टोबर २००८ मध्ये त्याच्या तिन्ही मोठ्या बँका, ग्लिटनिर, लान्सबांकी आणि काउपथिंग, आठवड्याभरात कोसळल्या. लोक भांडी-पळ्या वाजवत संसदेसमोर जमले. जानेवारी २००९ मध्ये सरकार गेले. इथवर आपल्यासारखेच. पण त्याआधीच, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने एक स्वतंत्र चौकशी आयोग नेमला होता: सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, संसदेचे लोकपाल आणि येलमध्ये शिकवणाऱ्या एक अर्थतज्ज्ञ. एप्रिल २०१० मध्ये नऊ खंडांचा, दोन हजारांवर पानांचा अहवाल आला. त्यात बँकवाल्यांचे उद्योग होतेच. शिवाय पंतप्रधान, दोन मंत्री, मध्यवर्ती बँकेचे तिन्ही गव्हर्नर आणि वित्तीय नियामकाचा प्रमुख यांनी कर्तव्यात हयगय केली, असे नावांसकट लिहिले होते. रेक्याविकच्या सिटी थिएटरात नटांनी तो अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, दिवसरात्र मोठ्याने वाचला.

आइसलँडची आरती ओवाळायचे कारण नाही. खटला भरायची वेळ आली तेव्हा संसदेने पक्षीय हिशेब करून एकट्या माजी पंतप्रधान गेयर होर्दे यांना पुढे ढकलले. २०१२ मध्ये ते मंत्रिमंडळाची बैठक न बोलावल्याच्या एका किरकोळ कलमाखाली दोषी ठरले आणि शिक्षा काहीच झाली नाही. काही बँकप्रमुख पुढे तुरुंगात गेले. पण शिक्षेपेक्षा मला तो अहवाल मोलाचा वाटतो. कुणी काय पाहिले, केव्हा पाहिले आणि पाहून काय केले, हे तिथल्या कोळ्यालाही वाचता येते. आपल्याकडे पीएमसीनंतर नागरी सहकारी बँकांसाठी तज्ज्ञ समिती बसली, एन. एस. विश्वनाथन यांच्या अध्यक्षतेखाली, आणि तिचा अहवाल चांगला आहे. पण तो पुढे काय करावे याचा अहवाल आहे. मागे काय झाले, हा तिचा विषयच नव्हता.

मागे काय झाले हे सांगणारे कागद मात्र अस्तित्वात आहेत. रिझर्व्ह बँकेचे तपासणी अहवाल. ते मिळवण्याची लढाई एका गुजराती सहकारी बँकेच्या प्रकरणातून सुरू झाली आणि १६ डिसेंबर २०१५ रोजी जयंतीलाल मिस्त्री खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रिझर्व्ह बँकेची बांधिलकी जनतेशी आहे, बँकांशी नाही. माहिती अधिकारात हे अहवाल द्यावे लागतील. रिझर्व्ह बँकेने तरीही टाळाटाळ चालू ठेवली. २६ एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने तिला शेवटची संधी म्हणून बजावले. पीएमसीच्या सुमारे पाच महिने आधी. नंतर काही खासगी बँकाही अशा खुलाशांविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि प्रश्न पुन्हा धूसर झाला. रस्त्यावरच्या रागाला मात्र या लढाईचा पत्ता नव्हता. किल्ला कोर्टाबाहेर जामिनाविरुद्ध हजार माणसे उभी राहत होती; मिस्त्री निकालाच्या अंमलबजावणीसाठी कुणी फलक धरल्याचे मी पाहिले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तेच नाटक नव्या नटसंचात झाले. जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने कामगारांसाठी निघालेली ही बँक. इथे बनावट खाती नव्हती, त्याहून साधी गोष्ट होती: कागदावर असलेले १२२ कोटी रुपये तिजोरीत नव्हते. कर्जाचा दर्जा ठरवायला कौशल्य लागते, मान्य. नोटा मोजायला काय लागते? माजी महाव्यवस्थापकाला अटक झाली, ऑगस्टमध्ये बँक सारस्वत बँकेत विलीन झाली, ठेवीदारांचे पैसे वाचले आणि विषय मिटला. तिजोरी शेवटची कुणी, कधी मोजली होती, हे पैसे वाचल्यामुळे कुणी विचारेनासे झाले.

तपासणी अहवाल उघड केले तर लोक घाबरून रांगा लावतील आणि चांगली बँकही बुडेल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. चालू असलेल्या बँकेच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, मी तो झटकत नाही. तिथे अहवाल दोन वर्षांनी द्या, संक्षेपाने द्या, त्यावर चर्चा होऊ शकते. पण जिच्यावर निर्बंध लागले, जिच्यातून हजार रुपयांवर काढताच येत नाहीत, तिथे कसली रांग लागणार आहे? अशा बँकेचे मागच्या पाच वर्षांचे तपासणी अहवाल, त्यांवर बँकेने दिलेली उत्तरे आणि त्या उत्तरांवर रिझर्व्ह बँकेने काय केले याची टिपणे, निर्बंधांच्या तारखेपासून सहा महिन्यांत प्रसिद्ध करावीत. यासाठी आधी कुणाला दोषी ठरवावे लागत नाही. ज्या कलम ३५अ खाली ठेवीदाराचे पैसे एका रात्रीत गोठवता येतात, त्याच कायद्यात ही एक ओळ घालायची आहे. तुमच्या भागातले खासदार मते मागायला येतील, तेव्हा विम्याची मर्यादा दहा लाख करू असे सांगतील. त्यांना ही ओळ लिहून द्या.